गरोदर बाई एक, नोंदी बारा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व कार्यक्रमप्रमुख, जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडून माहिती मागवण्याचा अधिकार असलेले इतर सर्व,
महाराष्ट्र राज्य.

विषय : वैद्यकीय अधिकाऱ्याचा वेळ कुठे जातो, त्याबाबत.
संदर्भ : रोज येणारे ‘तात्काळ’ संदेश.

महोदय / महोदया,

शीर्षकातल्या बाईपासूनच सुरुवात करू. ती १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात आली, तपासणी झाली, नोंदणी झाली. इथून पुढे तिचे नाव कुठे कुठे लिहिले जाते ते मोजू या. आशाताईची डायरी. उपकेंद्रातले आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) रजिस्टर. तिच्या हातात दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड. आरसीएच पोर्टल. प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की तिथले एएनसी (प्रसूतिपूर्व तपासणी) रजिस्टर. रक्त-लघवी दिली की प्रयोगशाळेचे रजिस्टर. धनुर्वाताची लस घेतली की यू-विन, म्हणजे लसीकरणाचे पोर्टल. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक. मातृवंदना योजनेचे पोर्टल. जननी सुरक्षेचे रजिस्टर. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते, त्या मातृत्व अभियानाची यादी. आणि रक्तदाब वाढलेला निघाला की अतिजोखमीच्या मातांची गूगल शीट, जी तालुक्याची वेगळी आणि जिल्ह्याची वेगळी असते. आम्ही सौजन्याने एकच धरली आहे. झाल्या बारा. महिन्याअखेर ती एचएमआयएसमध्ये, म्हणजे मासिक आकडेवारीच्या पोर्टलवर, आकडा होऊन पुन्हा येते, ती तेरावी. बाळंतपणाचे रजिस्टर, जन्मनोंदणी, रुग्णवाहिकेचे लॉगबुक यांना अजून हातच लावलेला नाही.

यातल्या प्रत्येक नोंदीमागे कुणाचा तरी चांगला हेतू होता, हे आम्हाला मान्य आहे. काही नोंदी तर जीव वाचवतात. कार्ड तिच्याजवळ असते. रात्री २ वाजता कळा सुरू होऊन ती भलत्याच दवाखान्यात पोचली, तर तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि मागचे सिझर तिथल्या डॉक्टरला त्या कार्डावरूनच कळते. उपकेंद्राचे रजिस्टर ही आरोग्यसेविकेची रोजची कामाची वही आहे. पुढच्या आठवड्यात कुणाच्या घरी जायचे ते ती त्यातच बघते. हे दोन कागद कुणी काढून घेतले तर आम्हीच आधी ओरडू. उरलेल्या दहांपैकी बहुतेक ठिकाणी मात्र तेच नाव, तेच वय, तीच शेवटच्या पाळीची तारीख आणि तोच मोबाइल क्रमांक पुन्हा भरला जातो. एका पोर्टलने दुसऱ्याला विचारावे, ही सोय नाही. म्हणून पोर्टल माणसाला विचारते.

आणि मग ती दहा ठिकाणची माहिती जुळत नाही. का जुळत नाही ते सांगायला हवे, कारण ‘तफावतीबाबत खुलासा सादर करावा’ या पत्रात ते कारण कधीच नसते. आधार कार्डावर माहेरचे नाव, बँकेच्या पासबुकात माहेरचे, रजिस्टरमध्ये सासरचे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००; पण नाव जुळले नाही की अर्ज परत, आणि परत आलेल्या अर्जांची टक्केवारी आमच्या नावावर. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर. पहिले बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच. त्यामुळे नोंदणी एका जिल्ह्यात आणि बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात. माहेरच्या केंद्राने जुना नोंदणी क्रमांक शोधण्याऐवजी नवी नोंद केली, की सासरच्या केंद्राच्या यादीत ती बाई महिनोन् महिने ‘प्रसूती प्रलंबित’ राहते. प्रत्यक्षात तिच्या बाळाला तीन डोस देऊन झालेले असतात.

ऊसतोडणीच्या पट्ट्यात हे शतपटीने होते. दिवाळीच्या सुमारास बीडची बाई कारखान्यावर जाते, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. मूळ गावच्या केंद्राला ती सापडत नाही, कारखान्याजवळच्या केंद्राला तिचा जुना क्रमांक सापडत नाही. दोन्ही डॉक्टर खुलासा लिहितात. त्या खुलाशांतून तिला लोहाची एक गोळीही मिळत नाही.

आपण म्हणाल, पोर्टलवर नोंदी करते आरोग्यसेविका, डॉक्टरचा वेळ यात कुठे गेला? तीन ठिकाणी गेला. नोंदी तपासून खात्री करणे, सही करणे आणि तफावतीला उत्तर देणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या गळ्यात आहे. शिवाय सेविका मोबाइलला रेंज मिळावी म्हणून फाट्यावर उभी असते, तेव्हा तिचे काम, म्हणजे वजन, रक्तदाब, समजावून सांगणे, डॉक्टर करतो किंवा कुणीच करत नाही. आणि ज्या केंद्रात डेटा एंट्री ऑपरेटर नाही, तिथे रात्री सर्व्हर मोकळा झाल्यावर बाकी राहिलेले कोण भरते, हे वेगळे सांगायला नको.

आता ओपीडीचा हिशेब. बहुतेक केंद्रांत सकाळची ओपीडी साडेआठ ते साडेबारा, म्हणजे २४० मिनिटे. ८० रुग्ण धरले, आणि बाजाराच्या दिवशी एवढ्यावर भागत नाही, तर माणशी ३ मिनिटे. प्रत्येकामागे १ मिनिट जरी आभा, पोर्टल आणि औषधाच्या नोंदीला लागले, तरी ८० मिनिटे गेली. उरली माणशी २. या दोन मिनिटांत काय होत नाही, ते पाहा. रक्तदाब नीट मोजायचा तर रुग्णाला ५ मिनिटे शांत बसवायचे, पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, निदान दोन वेळा मोजायचे. चालत आलेल्या, रांगेत भांडलेल्या माणसाचा रक्तदाब तसाच उभ्या-उभ्या घेतला की १५०/९० येतो, आणि नसलेला आजार त्याला आयुष्यभरासाठी चिकटतो. नाहीतर घेतलाच जात नाही आणि वहीत १२०/८० पडते. कोणत्याही केंद्राची असंसर्गजन्य आजारांची यादी काढून ०ने संपणारे आकडे मोजा. खरे मोजमाप इतके गोल नसते.

९ तारखेला ५० गरोदर बायका आल्या आणि डॉक्टर एकच असला, तर त्याच २४० मिनिटांत बाईमागे ५ मिनिटेही येत नाहीत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर-प्रथिने, पोट तपासणे, बाळाचे ठोके, मागच्या बाळंतपणाची चौकशी. यातली शेवटची गोष्ट आधी गळते, आणि धोक्याची बाई नेमकी त्या चौकशीतूनच सापडते. त्या दिवशी फोटो मात्र वेळेत जातात, जिओ-टॅगसह.

याच २४० मिनिटांत सापाने चावलेला माणूस येतो. त्याच्या उशाशी डॉक्टरने थांबायचे असते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे, गोठते का ते बघायचे. पापण्या जड होतात का, श्वास उथळ होतो का याकडे लक्ष ठेवायचे. विषबाधेची लक्षणे दिसली तर प्रतिविषाच्या १० कुप्या चालू करायच्या आणि प्रतिविष सुरू होताच येणाऱ्या रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचे. पहिला तासभर हा माणूस सोडून हलता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करावा असे राज्यांना कळवले, आणि ते योग्यच आहे, कारण सर्पदंशाचे खरे आकडे आपल्याकडे फार कमी नोंदले जातात. आमचे म्हणणे इतकेच, की ही नोंद रुग्ण सावरल्यावर एकदा, एकाच ठिकाणी व्हावी. आज ती केसपेपरवर, आंतररुग्ण रजिस्टरमध्ये, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या) वहीत, प्रतिविषाच्या साठा नोंदीत आणि रोगसर्वेक्षणात होते, आणि संध्याकाळी तालुक्याचा फोन येतो : आज तुमच्याकडे स्नेकबाइट किती?

व्हिडिओ कॉन्फरन्सबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. जिल्ह्यात ५० केंद्रे असतील, तर २ तासांच्या व्हीसीत एकेका केंद्राच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. बाकी वेळ प्रत्येकजण इतर ४९ केंद्रांची टक्केवारी ऐकत बसतो. म्हणजे ‘उपस्थित आहे सर’ एवढ्या एका वाक्यासाठी जिल्ह्याचे डॉक्टरांचे १०० तास खर्ची पडले. हीच माहिती एका पानाच्या तक्त्यात सगळ्यांना पाठवून, मागे पडलेल्या पाच-सहा केंद्रांनाच फोन केला असता, तर काम अर्ध्या तासात आटोपले असते. व्हीसी ओपीडीच्या वेळेत नको, असे सांगितले की उत्तर येते : दुसऱ्या डॉक्टरला ओपीडीत बसवा. दुसरा डॉक्टर प्रशिक्षणाला, कोर्टात, शवविच्छेदनाला किंवा मुळात रिक्त पदावर आहे.

त्या रिक्त पदाचाही हिशेब सोपा आहे. केंद्र २४ तास उघडे, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. दोन डॉक्टर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ८४ तासांची जबाबदारी, एक असला तर सगळे १६८. निवासी डॉक्टरांना निदान कागदावर तरी मर्यादा आहे : १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास म्हटले होते, २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने ७४ तासांहून जास्त नको अशी शिफारस केली. ती कितपत पाळली जाते हा त्यांचा वेगळा लढा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाठी असा आकडा मागायचा तर कुणाकडे मागायचा, हेच आम्हाला ठाऊक नाही. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक, हे प्रमाण आहे. त्या लोकसंख्येसाठी डॉक्टरचे किती तास रुग्णांना मिळावेत, याचे प्रमाण नाही.

‘निरंक’ या शब्दावर स्वतंत्र परिच्छेद लिहिण्याचा मोह आवरत नाही. ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’ या एका ओळीमुळे न घडलेल्या गोष्टींचा अहवाल द्यावा लागतो, तोही विहित नमुन्यात, सही-शिक्क्यासह, स्कॅन करून. बहुतांश निरंक अहवाल बिनकामाचे आहेत. काही घडले तरच कळवा, एवढा आदेश पुरे. पण इथे आम्ही स्वतःचाच मुद्दा थोडा मागे घेतो. १५ वर्षांखालील मुलाच्या हातापायाला अचानक आलेल्या लुळेपणाचा साप्ताहिक शून्य अहवाल गरजेचा आहे. ‘नाही’ म्हणजे शोधले आणि सापडले नाही, की शोधलेच नाही, हे त्याशिवाय कळत नाही, आणि पोलिओच्या बाबतीत तो फरक फार मोठा आहे. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने मिळवायचे असतात, उशीर झाला की पुरावाच जातो. निरंकाला अर्थ आहे तो इथे. वीज पडून दगावलेल्यांच्या, डिझेल शिल्लक असलेल्या जनरेटरच्या आणि न झालेल्या तक्रारींच्या निरंकाला तो नाही.

अधिवेशनाचा काळ आला की मागणीचे रूप बदलते. तारांकित प्रश्नाचे उत्तर दुपारी ४ पर्यंत हवे, ‘मागील ५ वर्षांची वर्षनिहाय, गावनिहाय, प्रवर्गनिहाय माहिती’ या स्वरूपात. पाच वर्षांची एचएमआयएसमधली माहिती आरोग्य भवनातल्या संगणकावर असते. खाली विचारायचे कारण एवढेच, की वर कुणाला ती काढायला वेळ नाही. वेळ खालच्याला आहे, असे गृहीत धरलेले असते. विधिमंडळाला उत्तर द्यायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवशी गावनिहाय आकडे ज्या घाईत गोळा होतात, त्यावरून आपण सभागृहात काय सांगता, याची काळजी आम्हाला आपल्याहून जास्त वाटते.

पोलीस आणि न्यायालयाचे काम हा डॉक्टरच्या जबाबदारीचा भागच आहे. अटकेतल्या व्यक्तीची दर ४८ तासांनी तपासणी हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये घालून दिलेले बंधन आहे, आणि कोठडीत माणसे मरू नयेत म्हणून ते हवेच. बलात्कारपीडितेच्या तपासणीचा अहवाल ७ दिवसांत देण्याचे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. त्यालाही आमचा पाठिंबा. अडचण साक्षीची आहे. कोकणातल्या केंद्रात तीन वर्षांपूर्वी केलेल्या शवविच्छेदनाची साक्ष द्यायला डॉक्टर गडचिरोलीहून निघतो. जायला एक-दोन दिवस, यायला तेवढेच, आणि कोर्टात कळते की आज आरोपीचे वकील नाहीत, पुढची तारीख. तेवढे दिवस मागे केंद्रात ओपीडी आरोग्यसेवक चालवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेच्या कलम ५३० नुसार साक्षी-पुरावे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून घेता येतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयातली एक खोली, चांगला कॅमेरा, आणि जुन्या अहवालाची प्रत साक्षीच्या आधी डॉक्टरला मिळेल अशी व्यवस्था, एवढ्यावर हे सुटते. आरोग्य विभागाने विधी विभाग आणि उच्च न्यायालय प्रशासनाशी बोलून ही सोय करून घ्यावी. एकेकट्या डॉक्टरने कोर्टाला विनंतीअर्ज लिहून ती होत नाही.

राहिले वीजबिल, रुग्णकल्याण समितीचे इतिवृत्त, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवरची देयके, उपयोगिता प्रमाणपत्र, माहिती अधिकारातले अर्ज, जैववैद्यकीय कचऱ्याचा ३० जूनपूर्वीचा वार्षिक अहवाल आणि गळक्या छताचा पत्रव्यवहार. हे काम कुणीतरी करायलाच हवे. त्यासाठी साडेपाच वर्षे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकण्याची गरज नाही.

आता थोडे अवघड बोलायचे आहे, कारण ते आमच्याही विरोधात जाते. मागणी जितकी जास्त आणि मुदत जितकी कमी, तितकी माहिती खोटी होत जाते. २.५ किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे. ते नोंदले की वेगळी यादी, आशाच्या जादा भेटी, पाठपुराव्याची शीट, आणि महिनाअखेर ‘तुमच्याकडे प्रमाण जास्त का’ हा प्रश्न. मग काटा २.४ दाखवत असताना रजिस्टरमध्ये २.५ लिहिण्याचा मोह होतो, आणि नेमक्या ज्या बाळाला ऊब आणि वरचेवर स्तनपान हवे होते ते यादीबाहेर राहते. तीव्र रक्तक्षयाची रेषा ७ ग्रॅम हिमोग्लोबिनवर आहे; ६.८ चे ७.२ व्हायला एका ठिपक्याची जागाही बदलावी लागत नाही. हे करणे चूक आहे, आम्ही त्याचे समर्थन करत नाही. पण जास्त आजारी शोधून काढणाऱ्या केंद्राला जाब विचारणारी व्यवस्था आजारी लोक कमी झाल्याचे आकडेच मिळवणार.

पार्टोग्राफचे, म्हणजे बाळंतपण कसे पुढे सरकते ते दाखवणाऱ्या आलेखाचे, उदाहरण तर पुन्हा पुन्हा द्यावे असे आहे. हा एक कागद आई आणि बाळ दोघांना वाचवू शकतो. गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटर उघडले की आलेख सुरू करायचा, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, तोंड किती उघडले ते दर ४ तासांनी. आलेख इशारा रेषेच्या उजवीकडे सरकला, म्हणजे बाळंतपण रेंगाळले, की केंद्रात थांबायचे नाही, १०८ बोलवायची. कृती रेषा त्याच्या ४ तास पुढे असते, आणि ग्रामीण रस्त्यावर ते ४ तास प्रवासातच जातात. पण प्रसूतिगृहात एकच सिस्टर, तिच्या पुढ्यात सुरक्षित प्रसूतीची तपासणीसूची, केसशीट, रजिस्टर आणि गुणवत्ता प्रमाणनाची फाइल. मग आलेख भरला जातो बाळंतपण झाल्यावर. असा मागाहून काढलेला आलेख नेहमी सुबक असतो, सरळ रेषेत, इशारा रेषेच्या डावीकडे. तपासणी पथकाला तो आवडतो. एनक्यूएएस या राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणनात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहा विभागांच्या सहा तपासणीसूच्या असतात, आणि त्यांतले मुद्दे खरोखर चांगले आहेत. फक्त तपासणीआधीचे पंधरा दिवस अख्खे केंद्र फायली लावण्यात गुंतते, हे त्या सूचीत कुठे येत नाही.

कमी लिहून जास्त साधणारी नोंद कशी दिसते, याचे नमुने आपल्याकडेच आहेत. लसीच्या आयएलआरवर, म्हणजे लस ठेवण्याच्या फ्रिजवर, लटकवलेला तापमानाचा कागद घ्या : दिवसातून दोनदा, एक आकडा, २ ते ८ च्या बाहेर गेला की काय करायचे ते सगळ्यांना पाठ. रात्री वीज गेली आणि पारा चढला, तर सकाळी कोणत्या कुप्या बाजूला काढायच्या हे त्या कागदामुळे ठरते. लिहिणारा, वाचणारा आणि निर्णय घेणारा एकाच खोलीत आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ च्या अखेरीस देशात सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात वापरलेल्या सिम्पल अ‍ॅपमध्ये भरायच्या गोष्टी मोजक्या : कार्डावरचा क्यूआर कोड, रक्तदाब, औषध, पुढची तारीख. आणि त्याच्या बदल्यात अ‍ॅप काही परत देत होते : कोण यायचा राहिला त्याची यादी, फोन क्रमांकासह. ज्या नोंदीतून भरणाऱ्याला उद्याचे काम कळते, ती नोंद कुणी ढकलत नाही.

एखादी मागणी रद्द केल्याने किती हलके वाटते, तेही आपण एकदा करून दाखवले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून विभागाच्या सर्व दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसे घेणे बंद झाले. त्याबरोबर पावतीपुस्तक, रोजचा भरणा आणि त्या चिल्लरीचा ताळमेळ, हेही गेले. त्यासाठी कुठले सॉफ्टवेअर लागले नाही.

तेव्हा आमच्या मागण्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : जी माहिती कोणत्याही सरकारी पोर्टलवर भरलेली आहे, ती केंद्राकडून पुन्हा एक्सेल, गूगल शीट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नये. तालुका आणि जिल्ह्याकडे त्या पोर्टलचे लॉगिन असते. त्यांनी ती तिथून काढावी. पोर्टलवरची माहिती भरवशाची नाही म्हणून शीट मागवावी लागते, असे उत्तर येईल. शीट भरण्यात वेळ जातो म्हणून पोर्टल मागे राहते, हे आमचे प्रत्युत्तर. कुठून तरी गाठ सोडवावी लागेल, आणि ती वरच्या टोकाने सुटणे सोपे आहे. सुरुवात फक्त माता आरोग्यापासून करा, एका तिमाहीसाठी. अतिजोखमीच्या शीट बंद करून आरसीएचमधलीच यादी वापरा.

दुसरी. नवा नमुना, रजिस्टर किंवा अ‍ॅप सुरू करणाऱ्या प्रत्येक पत्रात चार ओळी असाव्यात : ही माहिती कोण वाचणार, त्यावरून कोणता निर्णय घेणार, यामुळे कोणते जुने रजिस्टर बंद होणार, आणि हे कधी संपणार. शेवटची तारीख नसेल तर ३१ मार्चला तो अहवाल आपोआप बंद समजावा. आजार ओसरून वर्षे झाली तरी त्याचा दैनिक अहवाल चालूच राहतो, कारण तो बंद करण्याचे पत्र काढणे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

व्हीसीबाबत : सकाळी साडेआठ ते साडेबारा एकही नको, आठवड्यातून सर्व कार्यक्रमांची मिळून एकच दुपारची, आणि तीत ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांनाच बोलवावे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि आरोग्य विभाग यांनी एकमेकांचे वेळापत्रक बघावे. आम्ही एकाच वेळी तीन व्हीसींत हजर असल्याचे दाखले आहेत, एक मोबाइलवर, एक लॅपटॉपवर आणि एक फार्मासिस्टच्या मोबाइलवर.

माणसांबाबत : प्रत्येक केंद्राला एक डेटा एंट्री ऑपरेटर, आणि दोन-तीन केंद्रांत मिळून एक लेखापाल. हा खर्च आहे, पण डॉक्टरच्या पगारात टायपिंग करून घेणे हे त्याहून महाग पडते. सेविकेच्या रजिस्टरवरून ऑपरेटरने आठवड्यातून एकदा सगळे पोर्टल भरावे. ज्या गावांत रेंज नाही तिथे ऑफलाइन भरून नंतर चढवता येत नसेल असे अ‍ॅप घेऊच नये. स्थलांतरित आणि माहेरी आलेल्या बायकांसाठी जुना क्रमांक मोबाइल क्रमांकावरून शोधण्याची आणि नोंद दुसऱ्या केंद्राकडे सोपवण्याची सोय ऑपरेटरच्या हातात द्यावी. आणि तोवर अशा बायका प्रलंबित यादीत दिसल्या म्हणून नोटीस काढू नये.

ही सगळी आमची रड आहे, असे आपल्याला वाटू शकते. म्हणून मोजा. जिल्ह्यातली सहा केंद्रे निवडा : दोन जिथे दोन्ही डॉक्टर आहेत, दोन जिथे एकच आहे, दोन आदिवासी किंवा डोंगरी भागातली. १५ मिनिटांचे रकाने असलेला तक्ता, दिवसाचे ९६, आणि आठ खुणा : रुग्ण, उपचाराची नोंद, पोर्टल व अहवाल, बैठक व व्हीसी, पोलीस व न्यायालय, कार्यालयीन काम, गावभेट, विश्रांती. उपचाराची नोंद आणि अहवाल हे दोन रकाने वेगळे हवेतच. ते एकत्र केले की वाया जाणारा वेळ कामाचा दिसू लागतो. डॉक्टरने स्वतः तक्ता भरायचा नाही. गर्दीच्या तासात तो विसरणार आणि रात्री अंदाजाने भरणार, म्हणजे पार्टोग्राफचीच गत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातले इंटर्न ग्रामीण पोस्टिंगला येतातच, त्यांच्याकडून दिवसाचे तास भरून घ्या. रात्रीसाठी कॉल रजिस्टर पुरे. एकाच आठवड्यावर थांबू नका. एक साधा आठवडा, एक ९ तारीख येते तो आणि एक महिन्याचा पहिला, कारण एचएमआयएसचा भार तेव्हाच असतो. मार्च टाळा, त्या महिन्यात खर्च आणि उद्दिष्टांमुळे कोणताच आकडा नेहमीचा नसतो. अधिवेशनाचा आठवडा मिळाला तर मुद्दाम घ्या.

तक्त्याचा नमुना आम्ही करून ठेवला आहे, एका पानाचा आहे. निकाल काय यायचा तो येवो, तो सगळ्या केंद्रांना कळवावा.

आपले,
ग्रामीण महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे वैद्यकीय अधिकारी

प्रत माहितीस्तव : सर्व तालुका आरोग्य अधिकारी. पोच पाठवू नये.